कुठला देव, हे आधी ठरवू

सर, सप्रेम नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया परवा रात्री वाचली. उत्तराला दोन दिवस लागले, कारण तुमचा एक आक्षेप मला सरळ मान्य आहे आणि दुसऱ्यानं माझ्याच आयुष्यातली एक रात्र पुन्हा तपासायला लावली.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगतो. मी लेखात लिहिलं होतं, ‘देव आहे की नाही हे माणसाला कधीच कळू शकत नाही, म्हणून मी अज्ञेयवादी.’ तुम्ही विचारलंत, कधीच कळू शकत नाही हे तुम्हाला कुठून कळलं? मग ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेलची किटली पुढे केलीत. पृथ्वी आणि मंगळ यांच्या मधे चिनी मातीची एक किटली सूर्याभोवती फिरते आहे असं कुणी म्हणालं, तर तिच्याबद्दलही ‘माहीत नाही’ म्हणणार का? आणि शेवटी लिहिलंत, की जगताना कुणीच अज्ञेयवादी नसतो. माणूस एक तर हात जोडतो किंवा जोडत नाही. आणि मी तर गणपतीत आरतीला उभा राहतो, असंही म्हणालात. पंचवीस वर्षं अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात घालवलेल्या माणसानं हे विचारणं रास्तच आहे. ‘दोन्ही डगरींवर हात’ हे शब्द मात्र मला लागले.

पहिला आक्षेप मान्य. ‘कधीच कळू शकत नाही’ हा स्वतःच एक मोठा ज्ञानाचा दावा आहे आणि त्याला माझ्याकडे पुरावा नाही. माझी चूक झाली. ती होण्यात आपल्या मराठी शब्दाचाही थोडा हात आहे. पेय म्हणजे पिण्याजोगं, तसं ज्ञेय म्हणजे जाणता येण्याजोगं. त्यामुळे ‘अज्ञेय’ म्हटलं की ‘जाणताच न येणारं’ हा अर्थ आपोआप येऊन बसतो. हा अर्थ इंग्रज तत्त्वज्ञ हर्बर्ट स्पेन्सरच्या विचाराला शोभतो, आणि आगरकरांच्या पिढीनं स्पेन्सर मन लावून वाचला होता. पण १८६९ साली ‘अ‍ॅग्नॉस्टिक’ हा मूळ इंग्रजी शब्द घडवला तो जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सलीनं, आणि हा पंथ नाही, पद्धत आहे, असं त्यानं पुढे स्पष्ट केलं: पुराव्यानं जे सिद्ध झालेलं नाही ते सिद्ध झाल्यासारखं सांगू नये. एवढंच म्हणणाऱ्या माणसाच्या बोलण्यात आत्मविरोध नाही. मला नाही कळलेलं, आणि तुम्हाला कळलंय असं तुम्ही अजून दाखवलेलं नाही, इतकाच त्याचा दावा.

हा फरक आपल्याकडे फार पूर्वीच ओळखला गेला होता. सांख्य दर्शनाच्या सूत्रांत ‘ईश्वरासिद्धेः’, म्हणजे ‘ईश्वर सिद्ध होत नाही म्हणून’, असं एक सूत्र आहे. सोळाव्या शतकात त्यावर भाष्य लिहिताना विज्ञानभिक्षू म्हणतो, सूत्रकाराला ईश्वर नाही असं म्हणायचं असतं तर त्यानं ‘ईश्वराभावात्’, म्हणजे ‘ईश्वर नाही म्हणून’, असं म्हटलं असतं. तो स्वतः ईश्वर मानणारा, त्यामुळे त्याचा हेतू उघड आहे. पण असिद्ध वेगळं आणि अभाव वेगळा, हे त्यानं एका शब्दावर बोट ठेवून दाखवलं, ते मला फार मोलाचं वाटतं.

आता किटली. ती नाही असं मीही ठामपणे म्हणतो. पण का म्हणतो, ते नीट पाहा. ती दुर्बिणीत दिसली नाही एवढ्यावरून नव्हे. किटल्या कुठं होतात हे आपल्याला ठाऊक आहे: माती, भट्टी, कारखाना. तिथे नेऊन कुणी ठेवली असण्याचा संभव जवळजवळ शून्य, म्हणून आपण ‘नाही’ म्हणतो. विश्व मुळात असण्यामागे काही आहे का, या प्रश्नाला अशी पार्श्वभूमीच नाही. विश्वं कुठल्या भट्टीत होतात हे आपण पाहिलेलं नाही. खुद्द रसेलही तत्त्वज्ञांपुढे बोलताना स्वतःला अज्ञेयवादी म्हणवून घेई आणि सामान्य माणसाशी बोलताना नास्तिक.

नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या पंडितांनी, हीच गोष्ट सशाच्या शिंगावरून सांगितली. सशाला शिंग नाही हे कसं कळतं? दिसत नाही म्हणून. पण हे पुरतं ते शिंग ही दिसण्याजोगी वस्तू आहे म्हणून. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. जे दिसण्याजोगंच नाही, ते न दिसण्यावरून काही ठरत नाही. दहाव्या शतकात त्यांच्यातल्याच उदयनानं ईश्वराच्या बाजूनं नेमका हा मुद्दा मांडला. तुम्ही म्हणाल, ही तर पळवाट; अशानं कुणीही काहीही वाचवेल. बरोबर आहे. पण त्या वाचवण्याची किंमत पडते. ज्याच्या असण्यानं किंवा नसण्यानं इथे काहीच फरक दिसत नाही, तो देव नवसालाही पावू शकत नाही. पावत असेल तर तो दिसण्याजोगा झाला, आणि मग तपासता येतो.

लेखात मी हे लिहायला हवं होतं आणि लिहिलं नाही. ‘देव आहे का’ हा एक प्रश्न नाहीच. नवस घेऊन मूल देणाऱ्या, गाऱ्हाणं ऐकून आजार बरा करणाऱ्या देवाबद्दल मी अज्ञेयवादी नाही. तो नाही असं मी म्हणतो, तुमच्याइतकंच ठामपणे. २००६ साली अमेरिकेत एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. सहा रुग्णालयांतले १८०२ बायपासचे रुग्ण होते. अनोळखी माणसांनी त्यांच्यातल्या काहींसाठी प्रार्थना केल्या आणि त्यांच्यात शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत काही कमी झाली नाही. आपल्यासाठी प्रार्थना होते आहे हे ज्यांना नक्की माहीत होतं, त्यांच्यात ती उलट थोडी जास्त निघाली, त्यांच्यातल्या ५९ टक्के रुग्णांना झाली. एका अभ्यासानं सगळं ठरत नाही, पण जिथे फरक दिसायला हवा तिथे तो दिसत नाही, हे पुष्कळ बोलकं आहे. मी ‘माहीत नाही’ म्हणतो ते फक्त एका ठिकाणी: हे सगळं असण्याच्या मुळाशी काही आहे का, आणि त्याला जाणीव आहे का. तिथे ‘आहे’ म्हणायला मला कारण सापडत नाही आणि ‘नाही’ म्हणायलाही नाही.

तुमच्या चळवळीनंही ही दोन दालनं वेगळीच ठेवली होती ना? डॉ. दाभोलकर स्वतः नास्तिक, पण समितीचा विरोध देवाधर्माच्या नावावर चालणाऱ्या शोषणाला आहे, हे ते सभांतून पुन्हा पुन्हा सांगत. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांचा खून झाला आणि त्याच डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा मंजूर झाला. तो कायदा देवाच्या अस्तित्वावर मत देत नाही, आणि तरीही भोंदूला अडवतो. मी अजूनही त्या पुलावरून जाताना चाल मंद करतो. ‘माहीत नाही’ म्हणणारे भोंदूंचं फावू देतात, हे तुमचं वाक्य म्हणूनच मला पटत नाही.

राहिला जगण्याचा प्रश्न. स्वारगेटला रात्री दहा वाजता उभे राहिलात, बस येईल की नाही माहीत नाही. थांबायचं की रिक्षा करायची हे ठरवावंच लागतं. रिक्षा केली म्हणजे बस येणार नाही हे कळलं, असं होत नाही. कृती दोनपैकी एकच करता येते. मताला तशी सक्ती नाही.

आरतीचं उत्तर सोपं आहे. आईचे हात थरथरतात, तबक कुणीतरी धरावं लागतं. पण हे सांगून मी सुटलो असतो तर उत्तराला दोन दिवस लागले नसते.

बाबा अतिदक्षता विभागात होते. आत्यानं विचारलं, “नवस बोलू का रे?” मी म्हटलं, “बोल.” तिला त्या घटकेला दुसरं काही करता येत नव्हतं. पण पहाटे तीनच्या सुमाराला, ती बाकावर झोपलेली असताना, लहानपणी पाठ केलेलं अथर्वशीर्ष मी मनात म्हणत होतो. दोनदा म्हटलं. कुणी पाहत नव्हतं, कुणाचं मन राखायचं नव्हतं. तुमच्या हिशेबानं त्या क्षणी मी आस्तिक होतो.

मी खूप विचार केला, सर. बाबा बरे होतील असं त्यानं मला वाटलं नव्हतं; डॉक्टरांनी दुपारीच सगळं सांगितलं होतं. मी काही मागितलंही नव्हतं. जुन्या वाड्यात अंधारात शिरताना आपण ‘आहे का कुणी?’ अशी हाक घालतो, तशी ती हाक होती. कुणी नाही याची खात्री असलेला हाक घालत नाही, कुणी आहे याची खात्री असलेला सरळ आत जातो. ‘माहीत नाही’ म्हणणाऱ्याला मात्र ती हाक घालता येते, आणि त्यात तो खोटं काही बोलत नाही. बाबा सकाळी गेले. त्यावरून मी काही निष्कर्ष काढला नाही.

मूळ लेखातलं ते वाक्य आज बदलतो आहे. आता ते असं आहे: ‘नवसाला पावणारा देव नाही असं मी मानतो, विश्वाच्या मुळाशी जाणीव असलेलं काही आहे का, ते मला माहीत नाही, आणि कुणाला माहीत असल्याचं मला अजून दिसलेलं नाही.’ खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख केला आहे. तुमचं ‘नाही’ यातल्या दुसऱ्या भागालाही लागू होतं का, आणि होत असेल तर कशाच्या आधारावर, हे मला खरोखर समजून घ्यायचं आहे. इथे लिहा, किंवा भेटूनच बोलू.