मीटरवरचा टॅग युनिट मोजत नाही

रत्नागिरी-सिंधुदुर्गात फिरणारा मेसेज म्हणतो, वीज मीटरवरच्या आरएफआयडी टॅगमुळे (रेडिओ लहरींवर आपला क्रमांक सांगणारी छोटी चिप) रीडिंग आपोआप जातं आणि बिल वाढतं. साफ चूक. या टॅगला बॅटरी नसते. हातातला रीडर, म्हणजे टॅग वाचणारं यंत्र, ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास लहरी सोडतो, त्याच ऊर्जेवर टॅग आपला क्रमांक परत पाठवतो, तोही काही मीटरच्या आतच. त्यावरून मीटर गोदामातून कधी निघाला, कुठे बसला, एवढंच नोंदवता येतं. दुरून रीडिंग पाठवतो तो स्मार्ट मीटर. त्यात मोडेम, म्हणजे नेटवर्कवरून माहिती पाठवणारा भाग असतो.

खरी अडचण आपल्याकडच्या पावसाची. टॅगवर पाणी साचलं की पल्ला घटतो. पत्र्यावर चिकटवलेला साधा स्टिकर तर जवळजवळ मुकाच; तिथे धातूसाठीचा जाड टॅग लागतो, आणि तोही लोखंडी पेटीच्या बाहेरच लावावा.