नायसियात शुभवर्तमानांची निवड झालीच नाही

परवा रात्री मावशीचा फोन आला. पन्नास वर्षं रोज पहाटे पवित्र शास्त्र वाचणारी बाई मला विचारत होती, "आपण वाचतो ते एका राजानं ठरवलेलं आहे का रे?" तिच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तोच जुना संदेश आला होता. त्यात म्हटलंय की इ.स. ३२५ मध्ये नायसियाच्या परिषदेत, म्हणजे बिशपांच्या सभेत, रोमन सम्राट कॉन्स्टंटाइननं मतदानानं येशूच्या ऐंशी चरित्रांतली, म्हणजे शुभवर्तमानांतली, मत्तय, मार्क, लूक आणि योहान ही चार निवडली, त्यांचा मजकूर एकमेकांशी जुळवून घेतला आणि उरलेली जाळली. शेवटी म्हटलंय, या चारांचाही आपसांत मेळ नाही, म्हणून येशू झालाच नाही.

मजकूर जुळवला म्हणायचं आणि पुढच्याच ओळीत मेळ नाही म्हणायचं! लिहिणाऱ्यानं स्वतःचा संदेश तरी वाचायचा होता.

मेळ नाही, हे खरं आहे. मार्क म्हणतो, येशूला तिसऱ्या तासाला, म्हणजे सकाळी नऊला, वधस्तंभावर खिळलं. योहानात सहाव्या तासाच्या सुमारास, भर दुपारी, तो अजून रोमन सुभेदार पिलातापुढेच उभा आहे. मार्कात शेवटचं भोजन वल्हांडण या यहुदी सणाचं; योहानात वल्हांडणाचं भोजन व्हायच्या आधीच येशूचा प्राण जातो. योसेफाचा बाप मत्तयात याकोब, लूकात एली. अखेरचे शब्दही वेगळे. मार्कात "माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" असा टाहो, तर योहानात शांतपणे "पूर्ण झाले आहे". दरबारात बसून कुणी हे जुळवलं असतं, तर निदान वेळ तरी एक केली असती.

आणि जुळवायचा प्रयत्न खरोखर झाला होता, तोही नायसियाच्या दीडशे वर्षं आधी. इ.स. १७० च्या सुमारास तातियान या ख्रिस्ती लेखकानं चारही शुभवर्तमानं एकत्र ओवून 'दियातेस्सरोन' नावाचं एकच सलग कथानक केलं. सिरियातल्या मंडळ्यांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलं. पुढे पाचव्या शतकात बिशप थिओडोरेटनं आपल्या भागातून त्याच्या दोनशेहून जास्त प्रती काढून घेतल्या आणि त्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमानं ठेवली. हे त्यानं स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे सोयीचं, एकसंध पुस्तक हातात असताना चर्चनं विसंगतींसकट चार ठेवली.

मतदानाचं म्हणाल तर नायसियाचे वीस नियम आजही उपलब्ध आहेत. त्यांत शुभवर्तमानांच्या यादीबद्दल अक्षर नाही. आणि शुभवर्तमानं चारच, असं बिशप इरेनियस इ.स. १८० च्या सुमारास ठासून लिहितो. कॉन्स्टंटाइन तेव्हा जन्मलाही नव्हता.

काही गोष्टी मान्य करायलाच हव्यात. थोमाच्या नावाचं शुभवर्तमान होतं, इतरही होती. कॉन्स्टंटाइननं नायसियात पाखंडी ठरलेल्या एरियसची पुस्तकं जाळायचा हुकूम काढला, आणि पवित्र शास्त्राच्या पन्नास प्रती सरकारी खर्चानं करून घेतल्या. मार्काची शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या दोन सर्वांत महत्त्वाच्या हस्तलिखितांत नाहीत. पण यातून निवडणूक सिद्ध होत नाही.

राहिलं "येशू झालाच नाही". प्रेषित पौलाचं गलतीकरांस पत्र चारही शुभवर्तमानांआधीचं आहे. यरुशलेमेत आपण येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे पंधरा दिवस राहिलो आणि प्रभूचा भाऊ याकोब यालाही भेटलो, असं तो तिथे सांगतो. न झालेल्या माणसाच्या भावाला तो कसा भेटला?

मावशीला मी मार्क १५ आणि योहान १९ शेजारीशेजारी ठेवून वाचायला सांगितलं. ती म्हणाली, "तासांचा फरक मला ठाऊक आहे रे. मला राजाचंच तेवढं विचारायचं होतं."