वॉचमनचा टॅक्स, गाडीवाल्याचा टोल

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तो मेसेज पुन्हा येऊन पडला. तुमच्याकडेही आला असेल, कारण बजेट किंवा निवडणूक जवळ आली की तो नव्याने फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘देशात फक्त दोन टक्के लोक टॅक्स भरतात आणि 98 टक्के फुकट्यांना पोसतात. आपल्या पैशातून लाडक्या बहिणीला 1500. दवाखाना फुकट. म्हणूनच कामाला माणूस मिळत नाही. एक दिवस करदाते संपावर गेले तर?’ खाली अंगठ्यांची रांग.

मीही आयकर भरतो आणि पगाराची स्लिप बघून मलाही दर महिन्याला कळ येते. पण मेसेजमधलं एकेक वाक्य घेऊन हिशेब केला, तर त्यातलं फार थोडं शिल्लक उरतं.

‘फक्त दोन टक्के लोक टॅक्स भरतात.’

प्रत्यक्ष आयकर भरणारे थोडे आहेत, एवढं खरं. पण आयकर हा अनेक करांपैकी एक. गेटवर बसणाऱ्या आमच्या वॉचमनचं उदाहरण घेऊ. पगार 14,000 धरा. महाराष्ट्रात पुरुषाचा पगार महिना 10,000च्या वर गेला की दर महिन्याला 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत 300. वर्षाचे झाले 2,500. म्हणजे त्याच्या वार्षिक कमाईच्या जवळपास दीड टक्का. आता ज्याला महिन्याला दोन लाख मिळतात, तो किती भरतो? तेवढेच 2,500, म्हणजे हजारात एक रुपया. राज्यघटनेच्या 276व्या कलमाने या कराला वर्षाला 2,500ची कमाल मर्यादा घातली आहे, त्यामुळे वर कितीही चढा, पट्टी तीच. बायकांना 2023पासून 25,000 पर्यंतच्या पगारावर हा कर माफ आहे, ही त्यातली चांगली गोष्ट.

पुढे बघा. तो मोबाइलवर 299चं रिचार्ज मारतो, त्यातले 45 रुपये जीएसटी. घरात एक बल्ब आणि एक पंखा असला तरी बिलावर 16 टक्के वीज शुल्क. साबण, टूथपेस्ट, डोक्याचं तेल यांवर 2017पासून तब्बल आठ वर्षं 18 टक्के होते. सप्टेंबर 2025मध्ये ते 5वर आले, उशिरा का होईना. पाकीटबंद, लेबल लावलेल्या पिठावर आणि तांदळावर जुलै 2022पासून 5 टक्के. पेट्रोल तर जीएसटीत नाहीच. त्यावर राज्याचा 25 टक्के व्हॅट, शिवाय लीटरमागे वेगळे रुपये, आणि दिल्लीचं उत्पादन शुल्क आणखी निराळं. पंपावर दुचाकी घेऊन उभ्या असलेल्याला कोणी विचारत नाही, तू दोन टक्क्यांतला की 98तला.

ज्याचा सगळा पगार महिन्याच्या वीस तारखेपर्यंत किराण्यात, भाड्यात आणि रिचार्जमध्ये जातो, त्याच्या कमाईचा फार मोठा भाग या करांखालून जातो. ज्याचा निम्मा पगार म्युच्युअल फंडाच्या एसआयपीत पडतो, त्याचा तसा जात नाही. मेसेज लिहिणाऱ्याने हा अर्धा हिशेब मांडलाच नाही.

‘आपल्या पैशातून लाडक्या बहिणीला 1500.’

या योजनेवर टीका करायला जागा भरपूर आहे. जुलै 2024मध्ये, विधानसभेच्या तोंडावर, धड पडताळणी न करता ती घाईने सुरू झाली. नंतर सरकारी नोकरीतल्या बायकाच काय, पुरुषसुद्धा यादीत सापडले. पहिल्या वर्षी वार्षिक खर्चाचा अंदाज 46,000 कोटींचा होता, पुढच्या बजेटमध्ये तरतूद 36,000 कोटींवर आली. तिजोरीवर ताण आला हे कोणी नाकारत नाही.

पण हा पैसा ‘आपल्या’ आयकराचा कसा? आयकर दिल्लीला जातो. पंधराव्या वित्त आयोगाच्या सूत्रानुसार 2025-26पर्यंत केंद्राच्या वाटपयोग्य करांतले 41 टक्के सगळ्या राज्यांना मिळून जात, आणि त्यातले महाराष्ट्राला 6.317 टक्के. राज्याची स्वतःची चूल पेटते ती राज्याच्या वाट्याचा जीएसटी, इंधनावरचा व्हॅट, मुद्रांक शुल्क, दारूवरचं शुल्क आणि वीज शुल्क यांवर. म्हणजे बहीण ज्या दुकानात 1500 घेऊन जाते, त्याच दुकानातून तिच्या हप्त्याचा काही भाग जमा झालेला असतो.

दारूची गोष्ट तर आणखी मजेशीर. जून 2025मध्ये राज्याने मद्यावरचं शुल्क वाढवलं, वर्षाला 14,000 कोटी जादा मिळतील असा अंदाज सांगितला. विदेशी मद्याबरोबर देशीही महागली; 180 मिलीच्या देशीच्या बाटलीची किमान किंमत 80 रुपये झाली. मी दारूची बाजू घेत नाही. पण नवऱ्याच्या खिशातून काढून बायकोच्या खात्यात टाकले, तर त्या घरात नवीन किती आले? आणि यात दोन टक्केवाले नेमके कुठे बसतात?

आता दुसरं फुकट. ऑक्टोबर 2024मध्ये, निवडणूक जाहीर व्हायच्या आदल्या दिवशी, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर मोटारींचा टोल माफ झाला. दहिसर, मुलुंडचे दोन, ऐरोली, वाशी. एका फेरीचे 45 रुपये वाचले. योगायोग बघा, वॉचमनच्या रिचार्जमधला जीएसटीही तेवढाच. त्या दिवशी आमच्या ग्रुपवर पेढ्यांचे फोटो आले होते, फुकटे हा शब्द एकानेही काढला नाही. 2020च्या सप्टेंबरात मुंबईतल्या घरखरेदीवरचं मुद्रांक शुल्क 5वरून 2 टक्क्यांवर आणलं, तेव्हा एका कोटीच्या फ्लॅटमागे तीन लाख सुटले. म्हणजे 1500चे दोनशे हप्ते, एकदम. 2019मध्ये कंपन्यांचा कर कमी केला, तेव्हा केंद्रानेच 1 लाख 45 हजार कोटींचा महसूल जाईल असं सांगितलं होतं. त्याला ‘चालना’ म्हणतात.

‘दवाखाना फुकट.’

ऑगस्ट 2023पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार निःशुल्क आहेत, हे बरोबर. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं कवचही 5 लाखांवर गेलं. पण ती आता सुस्थितीतल्यांच्या पांढऱ्या रेशनकार्डालाही लागू आहे. तेव्हा हा मेसेज पुढे ढकलणारे काकाही लाभार्थीच.

ही योजना ऑपरेशनला, मोठ्या आजाराला उपयोगी पडते. त्यासाठी भरती व्हावं लागतं. गरिबाचं घर खचतं ते बरेचदा त्याआधी: शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, ‘ही बाहेरून आणा’ म्हणून हातात दिलेली चिठ्ठी, आणि डॉक्टरकडे गेलेल्या दिवसाची बुडालेली हजेरी. 2021-22च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चापैकी 39.4 टक्के लोकांनी थेट खिशातून केला. 2017च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात राज्यांनी बजेटच्या आठ टक्क्यांहून जास्त रक्कम आरोग्यावर घालावी असं म्हटलं आहे. महाराष्ट्र त्याच्या आसपासही फिरकलेला नाही. शिवाय 21,000 पर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयसीत, म्हणजे कामगार विम्यात, नोंदलेल्या कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का दरमहा कापला जातो. वॉचमनचे 105 रुपये. तो दवाखाना त्याने पैसे भरून घेतलाय.

‘म्हणूनच कामाला माणूस मिळत नाही.’

1500ला तीसने भागा. दिवसाचे 50 रुपये. एवढ्यावर जर कोणी तुमचं काम सोडून घरी बसत असेल, तर तुम्ही त्याला किती देत होता, हे आधी सांगा.

रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर 2025-26ला दिवसाला 312 रुपये होता. ऊसतोडीचा भाव जानेवारी 2024मध्ये बोलणी होऊन 34 टक्क्यांनी वाढला, तरी टनाला 366 रुपयेच. नवरा-बायकोचा एक कोयता दिवसाला दोन टन तोडतो असं धरलं, तर दोघांत 732. त्यातून मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, फिटायचे. बीडहून पोरंबाळं घेऊन फडावर जाणाऱ्या या माणसांना आळशी म्हणायला एसीत बसलेलं बोट लागतं.

रोजगार हमीवरून आठवलं. 1972च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ही योजना राज्यभर उभी राहिली आणि तिच्या खर्चासाठीच 1975मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला. शहरातल्या नोकरदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामासाठी पगारातून थोडं द्यायचं, तेवढंच सरकारने घालायचं. म्हणजे पगारदार एकेकाळी खरोखर मजुराच्या कामाचा पैसा भरत होता, तोही उघड कायदा करून. आज तोच कर आमच्या वॉचमनकडूनही कापला जातो आणि फुकट्या म्हणून नाव मात्र त्याचंच.

‘करदाते संपावर गेले तर?’

माझा टीडीएस कंपनी आधीच कापते, त्यामुळे मला संप जमणार नाही. वॉचमनचे 200 कंत्राटदार कापतो, उरलेलं दुकानदार आणि वीज कंपनी. त्याला संप करायचा झाला तर रिचार्ज, दिवा, पीठ, साबण आणि पेट्रोल हे सगळं सोडावं लागेल. हे मी ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले. थोड्या वेळाने सेक्रेटरींचा मेसेज: सिक्युरिटीचा दर वाढवायचा ठराव पुढच्या सभेपर्यंत तहकूब.