दुकानमालकाचं उत्तर: टीव्ही रंगीतच आहे, पिन चुकीच्या जागी आहे

नमस्कार साहेब,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंत, "चार दिवस सांगून अकरा दिवस लावले, 3,400 रुपये घेतले, घरी लावला तर टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट. भंगार गळ्यात मारलं." पिक्चर ट्यूबच्या टीव्हीच्या दुरुस्तीला उशीर झाला हे खरं, माफी मागतो. व्हर्टिकलचा आयसी, म्हणजे चित्र वर-खाली पसरवणारा पार्ट, दोनदा डुप्लिकेट निघाला. फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं.

पण 'ब्लॅक अँड व्हाइट' आणि 'भंगार' हे दोन शब्द फार लागले.

तुम्हीच टाकलेला दुसरा फोटो जरा मोठा करून बघा. टीव्हीच्या मागे प्लेस्टेशन 2 या गेम मशीनची जुनी तीन पिनांची वायर आहे आणि तिची पिवळी पिन हिरव्या सॉकेटमध्ये बसवली आहे. हिरवं सॉकेट कॉम्पोनंटचं, म्हणजे चित्र तीन वायरींत वाटून घेणाऱ्या जोडणीचं. ते फक्त उजेड-अंधार वाचतं, रंग शेजारच्या निळ्या आणि लाल सॉकेटमधून यावा लागतो. पिवळ्या वायरीत सगळं एकत्र कालवलेलं असतं, त्यातून रंग वेगळा काढायची सोय हिरव्याकडे नाही. मग टीव्ही बिचारा ब्लॅक अँड व्हाइटच दाखवणार. तीच पिन पिवळ्या सॉकेटमध्ये घातली असती तरी रंग आले असते, थोडे पसरट, पण आले असते.

आणि मी दिलेली पाच पिनांची वायर? ती पहिल्या फोटोत टीव्हीच्या डोक्यावर पिशवीतच दिसतेय, रबरबँडसकट. त्याच वायरीवर दुकानात गेम लावून दाखवला तेव्हा "अक्षरं किती स्वच्छ!" असं तुम्हीच म्हणालात. तिच्यात लाल पिना दोन आहेत, गोंधळ होतो, म्हणून आवाजाच्या लाल पिनेला पांढरी पट्टी चिकटवून त्यावर पेनाने 'आवाज' लिहिलं होतं. गेमच्या सेटिंगमध्ये कॉम्पोनंट 'वाय' वर ठेवून दिलंय. ते 'आरजीबी' करू नका, चित्र हिरवं होईल किंवा बिघडेल.

चित्रातल्या आडव्या रेघांचं म्हणाल, तर तो दोष नाही. प्लेस्टेशन 2 वर चालणाऱ्या जुन्या प्लेस्टेशन 1 च्या बहुतेक डिस्क निम्म्याच ओळी काढतात, मधल्या रिकाम्या राहतात. हौशी लोक त्या रेघांसाठीच पिक्चर ट्यूब शोधत येतात. फोटोतला काळा पट्टा तर मोबाइलचा आहे. ट्यूब सेकंदाला 50 वेळा वरून खाली चित्र काढते, कॅमेऱ्याला ते एका दमात पकडता येत नाही. डोळ्यांना तो पट्टा दिसला का, खरं सांगा.

रात्री पावणेअकराला तुमचा फोन मी जेवणावरून उठून घेतला. "पिवळी पिन कुठे लावलीय?" एवढंच विचारलं, तर "मला शिकवू नका" म्हणून तुम्ही ठेवून दिलात. बायको समोरच बसली होती.

एकवीस वर्षं बुधवार पेठेत हेच काम करतोय. आता महिन्याला चार-पाच सीआरटी, म्हणजे पिक्चर ट्यूबचे टीव्ही, आले तरी पुष्कळ, त्यातही लोक आधी स्टार बघून येतात. यापुढे तारखेचं काहीतरी नीट बघतो, वायर जोडायचा कागदही देऊ.

रविवारी सकाळी मी स्वतः येऊन वायर लावून देतो. पैसे नकोत, चहासुद्धा नको. उशिराचा स्टार कापा, पण रंग दिसले की 'भंगार' तेवढं काढून टाका.