रुजवात घेणारा कोण? : खानापूरच्या वकीलसाहेबांना उत्तर

वकीलसाहेब, नमस्कार.

बी रिपोर्टवरच्या (पुरावा नाही म्हणून तपास बंद करायचा पोलिसांचा अहवाल) माझ्या लेखाखाली तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा आधी रागच आला. रात्री जेवण झाल्यावर पुन्हा वाचली, तेव्हा दिसलं की एका जागी तुम्ही मला बरोबर पकडलंय.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी सांगतो: मंत्र्यावरच्या खटल्यातला वकील आणि तपासणारा पोलीस त्याच्याच सरकारनं नेमू नये, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं. एक, पैसे दिल्याघेतल्याचा कसलाही पुरावा नसताना मी न्यायाधीशांची बदनामी केली. दोन, माझी सगळी उदाहरणं कर्नाटकातली, म्हणजे हा समितीवाल्याचा (महाराष्ट्र एकीकरण समितीच्या माणसाचा) जुना कर्नाटकद्वेष. महाराष्ट्रानं काय दिवे लावले ते मला दिसत नाही. तीन, आणि हे तुम्ही फार जिव्हारी लागेल असं लिहिलंत: ज्या सुप्रीम कोर्टाकडे सीमाभाग २००४ पासून डोळे लावून बसलाय, त्याच न्यायव्यवस्थेवर मी चिखल उडवतो.

पहिल्या मुद्द्यावर हार मानतो. जयललितांच्या खटल्याबद्दल मी ‘बेरीज विकत घेतली’ असं लिहिलं होतं. त्याला आधार नाही. तसं कुणी सिद्ध केलेलं नाही. लिहिण्याच्या भरात गेलेलं वाक्य आहे, ते मागे घेतो.

पण हायकोर्टाच्या निकालातली बेरीज चुकली होती ना ओ? ते तर खरं आहे. आणि माझ्या मते लाच घेतली की नाही यापेक्षा ती चूक तिथे टिकली कशी, हा प्रश्न मोठा आहे. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

२००१ साली जयललिता तमिळनाडूत पुन्हा सत्तेवर आल्या. बेहिशेबी मालमत्तेचा खटला तेव्हा चेन्नईत चालू होता. सत्ता आल्यावर सरकारपक्षाच्या ७६ साक्षीदारांना पुन्हा उलटतपासणीला बोलावलं गेलं आणि त्यातले ६४ फिरले. सरकारी वकील गप्प बसले. बसणारच, नेमणूक कुणाच्या सरकारची? सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २००३ मध्ये हा खटला तिथून उचलून बेंगळूरला आणला, तो याच कारणासाठी. चेन्नईचे न्यायाधीश पैसे खातात असं कोर्टानं म्हटलं नाही. खटला चालवणारा आणि ज्याच्यावर चालतोय तो, दोघं एकाच घरचे झालेत, एवढं पुरेसं होतं.

बेंगळूरला विशेष न्यायालयानं २७ सप्टेंबर २०१४ ला चार वर्षं शिक्षा आणि १०० कोटी दंड ठोठावला. अपील कर्नाटक हायकोर्टात गेलं, आणि तिथे पुन्हा तीच गोष्ट. सरकारपक्षातर्फे उभे राहिले भवानी सिंह, आणि त्यांना अपिलासाठी नेमलं तमिळनाडूनं, जिथे राज्य आरोपीच्याच पक्षाचं. कर्नाटकाला अपिलात पक्षकारही केलं नव्हतं. सुप्रीम कोर्टानं २७ एप्रिल २०१५ ला ही नेमणूक बेकायदा ठरवली, पण तोवर युक्तिवाद संपले होते. कर्नाटकाला लेखी म्हणणं द्यायला मिळाला एक दिवस. कर्नाटकाचे वकील बी. व्ही. आचार्य यांनी त्या एका दिवसात १८ पानं दिली. ११ मे ला निर्दोष सुटका झाली.

निकालात कर्जांची यादी आहे. तिची बेरीज २४.१७ कोटी लिहिलीय. तेच आकडे बोटांवर मोजून मिळवले तरी १०.६७ कोटी येतात. साडेतेरा कोटी उत्पन्न हवेतून आलं आणि बेहिशेबी मालमत्ता उत्पन्नाच्या ८.१२ टक्क्यांवर आली. दहा टक्क्यांच्या आतला फरक सोडून द्यायचा असा जुना दंडक आहे, त्यात ती अलगद बसली. बरोबर बेरीज धरली तर तोच आकडा ७६ टक्क्यांच्या वर जातो.

तुम्हाला माहीत आहे, मी चन्नम्मा चौकातल्या कोर्टाच्या आवारात बरीच वर्षं टायपिंग केलं. जुन्या मराठी नकलांवर खाली दोन सह्या असत, ‘नक्कल करणार’ आणि ‘रुजवात घेणार’. एकानं मूळ कागद मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं नकलेवर बोट फिरवायचं. आकड्यांचे तक्ते असले की हमखास काहीतरी सापडायचं. चांगल्या माणसाकडूनही चूक व्हायची. त्यात कुणाचा अपमान नव्हता. दुसरी सही त्यासाठीच होती. त्या अपिलात रुजवात घेणारा माणूसच आरोपीच्या गोटातून आला होता. ज्याचं काम आकडा आकड्याला भिडवून बघायचं, त्याला बघायची गरज नव्हती. पुढे सुप्रीम कोर्टानं १४ फेब्रुवारी २०१७ ला विशेष न्यायालयाचा निकाल कायम केला, पण जयललिता त्याआधीच, डिसेंबर २०१६ मध्ये वारल्या होत्या.

आता कर्नाटकद्वेषाबद्दल. वरच्या गोष्टीत कर्नाटक नायक आहे, साहेब. आचार्य इथले, विशेष न्यायाधीश इथले, सुप्रीम कोर्टात अपील नेलं तेही कर्नाटकानं. आणि महाराष्ट्राचे दिवे बघायचेच असतील तर मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या घोटाळ्याचं प्रकरण घ्या. माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटला भरायला सीबीआयनं परवानगी मागितली. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल शंकरनारायणन यांनी नाही म्हटलं. मधल्या काळात दिल्लीत आणि मुंबईत सरकारं बदलली, राजभवनात विद्यासागर राव आले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये त्याच प्रकरणात ‘हो’ झालं. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई हायकोर्टानं ते ‘हो’ रद्द केलं. चव्हाण दोषी की निर्दोष हे मला ठाऊक नाही, आणि माझा मुद्दा तो नाहीच. परवानगीची किल्ली ज्यांच्या खिशात, त्यांना नेमणारे राजकारणातले. मग कुलूप उघडलं तरी लोक हसतात, नाही उघडलं तरी हसतात.

आपल्याकडे कर्नाटकात तर किल्लीवाल्यांचीच गंमत झाली. लोकायुक्ताच्या घरातूनच खंडणीची तक्रार निघाली, २०१५ च्या जुलैत त्यांच्या मुलाला अटक झाली आणि डिसेंबरात त्यांनी राजीनामा दिला. माजी मुख्य न्यायमूर्ती होते ते. मग सरकारनं काय करावं? लोकायुक्ताचं घर झाडायचं सोडून मार्च २०१६ मध्ये एसीबी (भ्रष्टाचारविरोधी पथक) काढली आणि भ्रष्टाचाराचा तपास तिच्याकडे दिला. एसीबी कुणाच्या हाताखाली? मुख्यमंत्र्यांच्या. हायकोर्टानं ती ऑगस्ट २०२२ मध्ये मोडीत काढली. त्याच्या महिनाभर आधी न्यायमूर्ती संदेश यांनी भर कोर्टात सांगितलं होतं की एसीबीला प्रश्न विचारल्यावरून त्यांना बदलीचा इशारा मिळाला. ‘न्यायाधीशांची बदनामी’ म्हणता ना, हे तर खुद्द न्यायाधीश बोलले.

बेळगावजवळच्या हिंडलग्याचं तुम्हाला खटकलं, कारण ते जवळचं आहे. गावात सुमारे चार कोटींचे रस्ते झाले, बिल निघेना, कंत्राटदारानं कर्नाटकाचे तेव्हाचे मंत्री ईश्वरप्पांवर टक्केवारीचा आरोप केला आणि एप्रिल २०२२ मध्ये उडुपीत लॉजवर तो मेलेला सापडला. मंत्र्यांनी आरोप फेटाळले, राजीनामा दिला. जुलैत उडुपी पोलिसांनी पुरावा नाही म्हणून बी रिपोर्ट दिला. पोलिसांनी खोटं लिहिलं असं मी म्हटलं नव्हतं, आजही म्हणत नाही. कदाचित खरोखरच पुरावा नसेल. पण कालपर्यंत जो माणूस मंत्रिमंडळात बसत होता, त्याचा तपास त्याच सरकारच्या पोलिसांनी तीन महिन्यांत आटोपला. अशा तपासात निर्दोष ठरलेला माणूससुद्धा नीट निर्दोष ठरत नाही. हा तोटा ईश्वरप्पांचाही आहे, हे मात्र मी लेखात लिहायला हवं होतं.

न्यायाधीशांवरच आरोप असला तर काय, असं तुम्ही विचारलंत. तिथे दार आणखी अरुंद. हायकोर्टाच्या न्यायाधीशावर गुन्हा नोंदवायचा तर सरन्यायाधीशांचा सल्ला घ्या, असं सुप्रीम कोर्टानं १९९१ मध्ये वीरस्वामी खटल्यात ठरवलं. कार्यकारी सत्तेनं न्यायाधीशांना छळू नये म्हणून, हे मला पटतं. जानेवारी २०२५ मध्ये लोकपालनं हायकोर्टाचे न्यायाधीश आपल्या कक्षेत येतात असं म्हटलं, तर फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टानं स्वतःहून दखल घेऊन त्याला स्थगिती दिली. लोकपालचा कायदा मी नीट वाचलेला नाही, तेव्हा कोण बरोबर ते सांगत बसत नाही. फक्त दोन्हीकडे निवाडा घरातच होतोय एवढं दिसतं.

उरला सीमाखटला.

सीमाभागासाठी महाराष्ट्रानं २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात केलेल्या त्या दाव्यात महाराष्ट्राचा वकील महाराष्ट्र नेमतो, कर्नाटकाचा कर्नाटक. इतकी साधी गोष्ट आहे की आपण ती कधी मोजतच नाही. उद्या कुणी म्हणालं, महाराष्ट्राचा वकीलही कर्नाटकानंच नेमू द्या, तो माणूस सज्जन आहे, त्यानं एक रुपया घेतल्याचा पुरावा दाखवा, तर तुम्ही बेळगावपासून निपाणीपर्यंत रस्ता अडवाल. आणि मी तुमच्या शेजारी बसलेला असेन. जानेवारी २०२२ मध्ये कृष्णेच्या पाण्याचा वाद सुप्रीम कोर्टात आला तेव्हा न्यायमूर्ती चंद्रचूड आणि न्यायमूर्ती बोपण्णा दोघं बाजूला झाले, एक महाराष्ट्राचे, एक कर्नाटकचे म्हणून. त्यांच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं. चिकोडी-अथणीकडच्या पाण्यासाठी जी काळजी न्यायमूर्तींनी स्वतःहून घेतली, तीच मंत्र्याच्या खटल्यातला वकील आणि तपासणारा पोलीस नेमताना घ्या, असं म्हणणं कोर्टाची बदनामी कशी होईल?

बी रिपोर्ट आला की तक्रारदाराला नोटीस जाते आणि त्याला हरकत घेता येते, हे मी लेखात लिहायला विसरलो होतो. तुम्ही लक्षात आणून दिलंत, आभार. ती ओळ घातली आहे. ‘बेरीज विकत घेतली’ हे वाक्य काढलं आहे आणि लेखाच्या तळाशी दुरुस्तीची तारीख टाकली आहे. बाकीचा मजकूर तसाच ठेवलाय.