सत्त्याहत्तर मिनिटांचा ताळमेळ

तीस वर्षे बँकेत खतावण्या तपासण्यात गेल्यामुळे कोणताही फरक दिसला की तो कोणाच्या तरी नावे टाकल्याशिवाय मला झोप येत नाही. जानेवारीतल्या एका रविवारी वडोदऱ्यात मी आयुष्यातली पहिली मॅरेथॉन पूर्ण केली, तेव्हा असाच एक फरक निघाला. साडेचार तासांत येतो असे घरी सांगून गेलो होतो आणि प्रमाणपत्रावर ५ तास ४७ मिनिटे छापून आली. दांडिया बाजारातल्या आमच्या घरी झोपाळ्यावर पाय वर करून पडल्या पडल्या मी वही मागवली आणि ७७ मिनिटांचा ताळमेळ मांडायला घेतला.

पहिली नोंद अंतराची. मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरांची असते हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु ते अंतर मोजणारा माणूस प्रत्येक वळणाच्या आतल्या कडेने, कठड्यापासून अवघ्या ३० सेंटिमीटरांवरून, जवळात जवळच्या वाटेने सायकल नेतो, हे पैसे भरण्यापूर्वी मला कोणी सांगितले नव्हते. शर्यतीच्या दिवशी त्या ३० सेंटिमीटरांत आधीच चार जण असतात. त्यांना वळसा घालत, पाण्यासाठी उजवीकडे आणि मीठ-लिंबासाठी डावीकडे जात माझ्या घड्याळात ४२.९ किलोमीटर भरले. जादा सातशे मीटरांची माझ्या चालीने सहा मिनिटे झाली. १९२० सालच्या अँटवर्प ऑलिम्पिकमधली मॅरेथॉनही ४२.७५ किलोमीटरांची होती आणि तीत बेळगावचे फडेप्पा चौगुले १९वे आले होते, म्हणजे जादा अंतर धावणारा मी काही पहिला मराठी माणूस नव्हे. चौगुल्यांनी ते तीन तासांच्या आत उरकले होते, पण त्याची नोंद या वहीत करण्याचे कारण नाही.

दुसरी नोंद चढाची. आमचे शहर पोळपाटासारखे सपाट आहे असे मीच आजवर पाहुण्यांना अभिमानाने सांगत आलो. चढ म्हणावा असा काय तो अकोट्याकडे जाणारा पूल. तथापि मार्ग दोन फेऱ्यांचा असल्यामुळे तो जाता-येता चार वेळा चढावा लागला, आणि चौथ्या वेळी तो पूल नसून पावागड असल्याची माझी खात्री झाली. चढताना गेलेला वेळ उतरताना परत मिळेल ही समजूतही खोटी ठरली, कारण उतारावर मांड्यांना सतत लगाम धरावा लागतो; उसने पैसे नेलेल्या मेहुण्यासारखा उतार थोडे फेडतो आणि बाकीचे विसरतो. नऊ मिनिटे.

वाऱ्याच्या आठ मिनिटांना चिरंजिवांनी हरकत घेतली. मार्ग जिथून सुटतो तिथेच परत येतो, तेव्हा समोरून आलेला वारा पुढे पाठीवरही आलाच असेल, असे त्याचे म्हणणे. मी त्याला बोस्टनचा दाखला दिला. २०११ साली तिथे जेफ्री मुताई वारा पाठीशी घेऊन २ तास ३ मिनिटे २ सेकंदांत धावला. तोवर इतक्या वेगाने कोणीही धावले नव्हते, तरीही तो विश्वविक्रम धरला गेला नाही, कारण तो मार्ग एका गावातून निघून दूरच्या दुसऱ्या टोकाला संपतो आणि नियमात बसत नाही इतका उतरता आहे. पाठीवरच्या वाऱ्याची कमाई जर नामंजूर होते, तर तोंडावरच्या वाऱ्याचे नुकसान भरून द्यायला नको काय? शिवाय समोरचा वारा जेवढे नेतो तेवढे मागचा आणून देत नाही. तो दुसरा मेहुणा.

न्यायमंदिर आणि मांडवीकडच्या वळणांना व गतिरोधकांना मी दहा मिनिटे दिली. रविवार सकाळच्या फाफडा-जिलेबीच्या वासाला तीन. तिथे थांबलो नाही, फक्त मंदावलो.

खरा खर्च उन्हाचा. पहाटे पाचला सुटलो तेव्हा १३ अंश तापमान होते, जे धावणाऱ्याला मानवते. पहिली फेरी मी २ तास २५ मिनिटांत संपवली आणि त्याच सुमारास सूर्य वर आला. अर्ध्या मॅरेथॉनची मंडळी गळ्यात पदके घालून नाश्ता करत होती. त्यांच्याकडे न पाहता मला दुसऱ्या फेरीला लागायचे होते. अंग तापू लागले की रक्ताची मागणी मांड्याही करतात आणि कातडीही, म्हणजे एका पगारात दोन बिऱ्हाडे. चाल तीच ठेवायची तरी हृदयाला अधिक ठोके द्यावे लागतात. घाम वाळला तरच गारवा देतो, आणि विश्वामित्रीकाठच्या दमट हवेत तो वाळत नाही, नुसता बुटात साचतो. ऊन चढायच्या आत पोहोचायचे तर वेगाने धावायला हवे आणि वेगाने धावायचे तर ऊन नको, अशा पेचात दुसऱ्या फेरीला ३ तास २२ मिनिटे लागली. उन्हाच्या नावे ४५.

ही वहीत डोकावत होती. तिला मी शिझो कानाकुरी यांची हकीगत ऐकवली. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये हे जपानी धावपटू उन्हाने इतके बेजार झाले की वाटेतल्या एका घरी विसावले आणि कोणालाही न सांगता मायदेशी निघून गेले. १९६७ साली त्यांना बोलावून ती शर्यत पूर्ण करवली गेली आणि त्यांची वेळ ५४ वर्षे ८ महिने ६ दिवस, वर काही तास अशी जाहीर झाली. त्यापुढे माझे ५ तास ४७ मिनिटे म्हणजे काहीच नव्हे, असे मी म्हणालो.

“एवढा वेळ लावायचाच होता, तर खंडेराव मार्केटवरून दोनदा गेलात, एकदा तरी भाजी आणायचीत,” ती म्हणाली.

बेरीज केली. एकूण भरले ८१. म्हणजे मार्ग आणि हवा यांनी घात केला नसता, तर मी कबूल केल्याहूनही चार मिनिटे आधी घरी आलो असतो. जास्तीची चार मिनिटे बँकेच्या रिवाजाप्रमाणे उचंत खात्यात, म्हणजे हिशेब न लागलेल्या रकमा तात्पुरत्या ठेवतात तिथे, टाकत होतो, तेवढ्यात शेजारचे नाना आले. वय ६६, तोच मार्ग, तीच पहाट. मी त्यांना साक्षीला घेण्याच्या हेतूने विचारले, “नाना, काय ऊन होते हो दुसऱ्या फेरीत!”

“होते का?” नाना झोपाळ्याच्या कडेवर टेकत म्हणाले, “असेल बुवा. ते चढले तेव्हा मी कमाटी बागेसमोर शेव-उसळ खात होतो.”

हिने नानांसाठी चहा टाकला. जाता जाता माझ्या हातातली पेन्सिल काढून घेतली आणि उन्हापुढचे ४५ खोडून तेही उचंत खात्यात मांडले.