‘दहा रुपयांच्या सर्चचे अडीच हजार घेतले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

जागा घेण्याआधी तिच्यावर कुणाचं कर्ज आहे का, हे शोधून (म्हणजे सर्च करून) रिपोर्ट देण्याच्या आमच्या कामाबद्दल तुम्ही लिहिलेला रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला याबद्दल मनापासून दिलगिरी व्यक्त करतो. सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत आमचा फोन वेळेवर लागला नाही, तोही त्रास तुम्हाला झाला.

आता तुम्ही एक स्टार देऊन जे लिहिलंय त्याबद्दल. ‘सरसाईवर दहा रुपयांत सर्च होतो, यांनी अडीच हजार घेतले, आठ दिवस लावले आणि फिटलेलं जुनं कर्ज उकरून काढून व्यवहार अडकवला.’ आठ दिवसांचं मी सोडून देतो. पण दहा रुपये हा शब्द मनाला फार लागला, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं नाव, प्लॉट, बँक यातलं काहीही इथे लिहिणार नाही.

सरसाई म्हणजे तारण कर्जांची केंद्रीय नोंदणी, 2011 पासून चालू आहे. तिथे कुणालाही सर्च करता येतो आणि एका सर्चची फी दहा रुपये अधिक जीएसटी आहे, हे अगदी बरोबर. पण ते दहा रुपये तुम्ही जे टाइप केलं तेवढंच शोधायचे असतात. आमच्याकडे येण्याआधी तुम्ही स्वतः सर्च केला, ‘नोंद नाही’ असं आलं आणि त्याचा स्क्रीनशॉट मला व्हॉट्सॲपवर पाठवून ‘फक्त एवढ्यावर सही-शिक्का द्या’ म्हणालात. मी नाही म्हणालो. तिथूनच तुमची नाराजी सुरू झाली, हे मला माहीत आहे.

तुम्ही नवा सर्व्हे नंबर टाकला होता. प्लॉट हद्दवाढ भागातला. तिथल्या जमिनींना जुना सर्व्हे नंबर वेगळा, नवा वेगळा, त्यावर ले-आउटचा प्लॉट नंबर आणखी वेगळा. बँकेने कर्ज देताना खरेदीखतावरचा जुना नंबर भरला होता. मग नव्या नंबरावर ते कर्ज कसं सापडणार? नावाचंही तेच. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड आडनावं इंग्रजीत कशी लिहिली जातात ते तुम्ही जाणताच. एका कागदावर एक डी, दुसऱ्यावर दोन. खरेदीखतात आडनाव शेवटी, पॅनकार्डावर आधी. विक्रेत्याचा पॅन मी तीनदा मागितला, तुम्ही ‘ते आमच्या नात्यातले आहेत, कशाला विचारायचं’ म्हणालात. पॅन असता तर कर्जदाराच्या बाजूनेही सरळ शोधता आलं असतं. तो नव्हता, म्हणून नावाच्या जेवढ्या तऱ्हा कागदांवर दिसल्या तेवढ्या सगळ्या, जुन्या आणि नव्या दोन्ही नंबरांसह टाकून पाहाव्या लागल्या. त्यातल्या एका तऱ्हेवर नोंद निघाली.

आणि सरसाई म्हणजे सगळं नव्हे. पतसंस्थेचं कर्ज तिथे असेलच असं नाही, ते कधी कधी फक्त सातबाऱ्याच्या इतर हक्कात बोजा म्हणून दिसतं. कागद ठेवून घेतलेल्या गहाणाची नोटीस ऑफ इंटिमेशन, म्हणजे गहाण झाल्याची लेखी सूचना, आपल्या राज्यात 1 एप्रिल 2013 पासून तीस दिवसांत दुय्यम निबंधकाकडे द्यावी लागते. ती तिथल्या सर्चमध्ये बघावी लागते, त्याआधीच्या गहाणांसाठी मूळ दस्त डोळ्यांनी पाहावे लागतात. तीस वर्षांचा सर्च, चलनं, उतारे आणि रिपोर्टवर सही करणाऱ्या वकिलांची फी हे सगळं त्या अडीच हजारांत होतं. पावती तुमच्याकडे आहे.

‘फिटलेलं कर्ज उकरून काढलं’ हे तर वाचवत नाही. कर्ज फिटलं असेल, मी विक्रेत्यावर शंका घेतलेली नाही. पण नोंद उघडीच होती. बँकांच्या तारण कर्जवसुलीच्या सरफेसी कायद्यातली 24 जानेवारी 2020 पासून लागू झालेली तरतूद अशी की सरसाईवरची नोंद ही सगळ्या जगाला दिलेली सूचना मानली जाते. उद्या वाद झाला असता तर ‘मला माहीत नव्हतं’ हे तुमचं म्हणणं टिकलं नसतं. जन्माची पुंजी घालून घेतलेल्या जागेवर दुसऱ्याच्या कर्जाचं नाव राहिलं असतं आणि तेव्हाही तुम्ही माझ्याच दारात आला असता.

ती नोंद काढायचं काम बँकेचं होतं, आमचं नव्हे. रिझर्व्ह बँकेचा नियम आहे: कर्ज पूर्ण फिटल्यावर तीस दिवसांत कागद परत द्यायचे आणि नोंदणीवरचा बोजाही उतरवायचा. 1 डिसेंबर 2023 पासून बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये कर्जदाराला द्यावे लागतात. विक्रेत्याने गेल्या वर्षी कर्ज फेडलंय, म्हणजे त्यांना हे मागता येतं. तसा अर्ज मी तुमच्यासमोर बसून टाइप करून दिला, त्याचा एक रुपया घेतला नाही. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख असता तर बरं वाटलं असतं.

इथून पुढे काम घेतानाच जुना-नवा नंबर आणि पॅन लेखी मागायचं ठरवलंय, फोनचीही काहीतरी व्यवस्था करतोय.

साहेब, आमचं छोटं ऑफिस आहे. बँकांच्या कर्ज विभागातले लोक हे रिव्ह्यू वाचून काम पाठवतात. एका स्टारचा फटका किती बसतो हे धंद्यात असलेल्या तुम्हाला मी काय सांगायचं. केलेल्या प्रत्येक सर्चची प्रिंट फाईलला लावलेली आहे. सोमवार ते शनिवार कधीही या, समोर बसून बघा, आणि मग तुम्हाला योग्य वाटेल तसा रिव्ह्यू बदला किंवा आहे तसा ठेवा. नोंद उतरल्याचा कागद आला की तोही घेऊन या, नवीन सर्च करून रिपोर्ट अपडेट करून देतो. त्याचे पैसे लागणार नाहीत.

आपला,
प्रोप्रायटर